अर्धवट कामाला घरात जागा

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात बहुतेक मराठी घरांमधला एक कडक नियम सैल होतो. हॉलमध्ये पुठ्ठे पसरलेले असतात, सोफ्यावर जरीच्या कापडाचे तुकडे, टीपॉयवर फेव्हिकॉलचा डबा आणि कटर, कोपऱ्यात दिव्यांच्या माळांचा गुंता. रात्री अकराला काम थांबतं आणि सगळं तसंच टाकून माणसं झोपायला जातात. सकाळी त्यातून वाट काढत ऑफिसला निघताना कुणी कुरकुर करत नाही. एरवी नळाचा वॉशर बदलायलाही माणूस बोलावणारे पन्नाशीचे गृहस्थ मखराच्या कमानीची मापं काढत बसलेले असतात आणि दहावीतली मुलगी त्यांच्या चुका दाखवत असते.

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा ही हौस संपेल असं अनेकांना वाटलं होतं. थर्माकोल स्वस्त, हलका आणि गरम तारेने लोण्यासारखा कापला जाणारा. त्याच्यावरच दोन पिढ्यांचा हात बसलेला. काही घरांनी त्यानंतर घडीची तयार मखरं विकत आणली. पण पुष्कळ घरांनी पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, जुन्या पैठण्या यांवर नव्याने हात बसवायला घेतला. त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षांची माणसं पुन्हा शिकाऊ झाली. पुठ्ठ्याला बाक द्यायचा तर आतल्या बाजूने अर्धवट काप द्यावे लागतात, ही गोष्ट त्यांना तीन-चार पुठ्ठे वाया घालवल्यावर कळली.

दिवाळीतल्या किल्ल्याचं असंच. माती, विटा, जुनी पोती, त्यावर पेरलेले अळीव किंवा मोहरी. हिरवळ उगवायला काही दिवस लागतात, म्हणून किल्ला आधीच सुरू करावा लागतो, आणि तोवर अंगणातला चिखल घरात येतो तो येऊ दिला जातो. आकाशकंदील, गौरींची आरास, लग्नघरातलं रुखवत या सगळ्यांना घराने मोकळीक दिलेली आहे, कारण त्यांना तारीख आहे आणि निमित्तही आहे. चतुर्थीला मखर पूर्ण होणार आणि विसर्जनानंतर आवरलं जाणार, याची सगळ्यांना खात्री असते.

तारीख आणि निमित्त काढून घेतलं की तीच मोकळीक नाहीशी होते. बाबांनी मार्च महिन्यात, कुठल्याही सणाशिवाय, लाकडाचं जहाज करायला घेतलं. आईने भिंतीएवढं चित्र रंगवायला काढलं. तर तिसऱ्या दिवशी ‘हे कधी आवरणार?’ हा प्रश्न येतो. मध्यमवयातले छंद वेळेअभावी मरतात असं सगळे म्हणतात. वेळ कमी असतो हे खरंच आहे. पण छंदाचा जीव जातो तो बहुतेकदा त्या तिसऱ्या दिवशीच्या प्रश्नाने. या वयातल्या माणसाला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी: रात्री अर्धा तास, रविवारी सकाळी बाजारातून आल्यावर एखादा तास. मुलांचे क्लास, सासऱ्यांच्या तपासण्या, सोसायटीची मीटिंग यांमधून उरलेला. काम पसरलेलं तयार असेल तर त्या अर्ध्या तासात काहीतरी पुढे सरकतं. दर वेळी माळ्यावरून खोकं काढायचं, पसरायचं आणि पुन्हा भरून ठेवायचं असेल, तर अर्धा तास त्यातच जातो आणि महिन्याभरात खोकं माळ्यावर कायमचं राहतं. म्हणून या वयातल्या छंदाची खरी मागणी जागेची आहे. मोठी खोली नको. जिथे काम अर्धवट पडून राहिलं तरी चालेल, अशी हातभर जागा.

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्यांना हे सर्वांत चांगलं माहीत असतं. पुण्यात १९४४ साली हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला, त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. या सगळ्या वर्तुळात शिक्षक, कारकून, डॉक्टर, कारखान्यातले फोरमन अशी नोकरी-संसारातली माणसं नेहमीच राहिली, आणि त्यांतल्या काहींनी आपला आरसा आपल्याच हाताने घडवला.

कृती ऐकायला सोपी आहे. सारख्या व्यासाच्या दोन जाड गोल काचा घ्यायच्या. एक टेबलावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी आणि थोडं पाणी टाकायचं आणि दुसरी काच तिच्यावर पुढे-मागे घासत राहायची. काही फेऱ्या झाल्या की हातातली काच थोडी फिरवायची आणि स्वतः टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. साचा नाही, यंत्र नाही. एवढ्यानेच वरची काच मध्यभागी खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. सहा इंची आरशाचं नाभीय अंतर सव्वा मीटरच्या आसपास ठेवायचं असेल, तर मधली खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर लागते. मग भुकटी क्रमाने बारीक करत न्यायची आणि शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. पृष्ठभाग किती अचूक हवा? प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाएवढा. आणि हे तपासण्याचं साधन म्हणजे बारीक छिद्रातून येणारा उजेड आणि दाढीचं ब्लेड! फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शोधलेली ही चाचणी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही करता येते. आरशाला क्षणभर बोट टेकवलं, तर त्या उबेने आलेला उंचवटा तिच्यात दिसतो आणि काच निवेपर्यंत थांबावं लागतं.

हे काम डझनावारी तासांचं असतं आणि नोकरदार माणसाच्या हातून ते काही महिने चालतं. एवढा काळ घरात एक टेबल असं हवं, ज्याला मोलकरणीने फडकं मारायचं नाही आणि मुलांनी दप्तर टेकवायचं नाही. बारीक भुकटीच्या टप्प्यात मागच्या टप्प्यातला जाडा कण एक जरी आला, तरी ओरखडा पडतो आणि बरंच काम पुन्हा करावं लागतं. आरसा पूर्ण होतो तेव्हा शनीची कडी त्यात दिसतात. पण तिथवर तो पोहोचतो तो त्या घरातल्या सगळ्यांनी एक टेबल सोडून दिल्यामुळे. त्या आरशावर घरातल्या प्रत्येकाचा थोडा हक्क असतो.

आता प्रश्न असा की हे टेबल कुणाला मिळतं?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला, आणि पुरुषांचा ८८ वर. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं कमी झाली. दोघांमधलं अंतर मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. बाईच्या हाती उरणारा वेळ कमी तर असतोच, शिवाय तो अधिक तुटक असतो, कारण कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि सासूबाईंची औषधं तिच्याच वेळात येतात.

मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांचे छंद कोणते, हे या नजरेने पाहिलं तर अस्वस्थ व्हायला होतं. क्रोशाची सुई आणि दोऱ्याचं रीळ पर्समध्ये मावतं. विणकाम लोकलच्या लेडीज डब्यात होतं आणि स्टेशन आलं की गुंडाळता येतं. रांगोळी सकाळी काढायची, दुसऱ्या दिवशी पुसायची. पटकन आवरता येईल, कुणाच्या पायात येणार नाही, अशीच कामं टिकली. ज्या कामाला पसरायला लागतं ते मागे पडलं. गोधडीचंच बघा. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचा. त्याला ओसरी लागते, अंगण लागतं आणि काही दुपारी ते तसंच पडून राहावं लागतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गोधडी घालणारी आजी आली, तरी तिला बसायला जागा नसते. बायकांना बारीक, नाजूक कामांची उपजत आवड असते असं जे सांगितलं जातं, त्यात आवडीपेक्षा जागेचा आणि वेळेचा भाग मोठा आहे.

बाईला घरात एकच कार्यशाळा हक्काने मिळाली, ती म्हणजे स्वयंपाकघर. तिथेसुद्धा रात्री ओटा पुसून लख्ख करावा लागतो. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. हाताच्या अंदाजाने चालणारा स्वयंपाक वाटी-चमच्याच्या मापात बसवायचा, तर तोच पदार्थ पुन्हा पुन्हा करून पाहावा लागतो, मापं टिपून ठेवावी लागतात. हा संशोधकाचा स्वभाव आहे. त्यांना तो दाखवायला चूल मिळाली. त्यांच्याच पिढीतल्या ज्या बाईला रंधा मारण्यात किंवा तारे बघण्यात रस असेल, तिचं काय झालं असेल याचा हिशेब कुठेच नाही.

गेल्या काही वर्षांत पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत मंगळागौरीच्या खेळांचे गट उभे राहिले आहेत, त्यांत चाळीस ते साठ वयाच्या बायका मोठ्या संख्येने असतात. नवविवाहितेसाठी असलेले झिम्मा, फुगडी, पिंगा आता या बायका एकसारखी नऊवारी नेसून सराईतपणे करतात, मानधनही घेतात. पारंपरिक खेळांचं प्रदर्शन म्हणून या प्रकाराकडे नाक मुरडून पाहणारे आहेत. त्यांनी या गटांची तालीम जाऊन पाहावी. सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बायका घराबाहेर पडतात, घाम गाळतात, चुकलेला ठेका पुन्हा पकडतात, आणि त्या वेळात घरचा फोन वाजला तर तो वाजू देतात. घरात न मिळालेली जागा त्यांनी बाहेर मिळवली आहे.

उलट टोकाचं उदाहरण पुण्यातच बाजीराव रस्त्याजवळ उभं आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे काका केळकर, चष्म्याचं दुकान चालवायचे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे आणि जुन्या वस्तू गोळा करायचे. दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दारं, खेळणी, कुलपं. संग्रह वाढत वाढत सुमारे वीस हजार वस्तूंपर्यंत गेला आणि पुढे त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. ही कहाणी मराठी माणूस अभिमानाने सांगतो आणि ती अभिमानाचीच आहे. पण ज्या घरात हा संग्रह साठत गेला, ते घर त्यांच्या पत्नी कमलाबाई केळकर यांचंही होतं आणि त्यांनी या कामात आयुष्यभर साथ दिली. एका माणसाच्या छंदाने घर व्यापलं तेव्हा ते घर दुसऱ्या एका माणसाने सांभाळलं, हे वाक्य त्या कहाणीत प्रत्येक वेळी आलं पाहिजे. आणि कमलाबाईंच्या जागी पुरुष आणि काकांच्या जागी बाई असती तर वीस हजार वस्तू जमल्या असत्या का, हेही विचारलं पाहिजे.

हाताने काम करण्याच्या छंदांना आपल्याकडे आणखी एक जुना अडसर आहे आणि तो जागेपेक्षा खोल रुतलेला आहे. सुतारकाम, लोहारकाम, कुंभारकाम ही विशिष्ट जातींच्या वाट्याला ढकललेली कामं. पांढरपेशा घरांत हत्यार हाती घेणं हा कमीपणा. त्यातून मजुरी स्वस्त, त्यामुळे भिंतीत एक खिळा ठोकायलाही माणूस बोलावणं परवडतं. पाश्चात्त्य देशांत मजुरी महाग म्हणून लोक रंगकाम, सुतारकाम स्वतः शिकले. इथे तशी गरजच पडली नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच दुखण्यावर. पुढे कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या पिढीने तो विषय शाळेत पाहिला आहे: कागदी फुलं, पाकिटं, खडू, शिवणाचे टाके. वर्षअखेरी त्या तासाला गणित घेतलं जायचं आणि वस्तू आई करून द्यायची. म्हणजे हात शिकण्याची एक संधी हुकली ती तिथे.

या बाबतीत दुसऱ्या बाजूचा अनुभव फारसा लिहिला जात नाही. ज्याचे वडील किंवा आजोबा सुतार होते आणि जो स्वतः शिकून बँकेत किंवा कंपनीत लागला, त्याच्या घरात माळ्यावर रंधा, पटाशी आणि करवत गोणपाटात बांधून ठेवलेली असते. वडिलांनी मुद्दाम त्याला त्या कामापासून लांब ठेवलेलं असतं, कारण त्यात पैसा नव्हता आणि मान नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी तो ते गोणपाट सोडतो, तेव्हा त्याला ‘छंद म्हणून सुतारकाम’ हे शब्द तोंडातून काढायला जड जातात. त्याच्यासाठी ते काम परक्याकडून शिकायची मौज नसते. त्याच्या घरावर झालेला अन्याय आणि त्याच्या घरातलं कौशल्य दोन्ही त्या पटाशीला चिकटलेले असतात. हाताच्या कामाला समाजात प्रतिष्ठा हवी असं म्हणणाऱ्यांनी छंद म्हणून करवत धरणाऱ्या इंजिनिअरचं कौतुक करताना, रोजगार म्हणून ती धरणाऱ्याला योग्य मजुरी आणि मान मिळतो का, हेही बघायला हवं. करवत स्वतः चालवून पाहिलेला माणूस मजुरीवरून घासाघीस करताना एकदा तरी थांबतो, असा बऱ्याच कारागिरांचा अनुभव असतो.

‘निवृत्तीनंतर करू’ हे उत्तर घरोघर ऐकू येतं. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. पण डोळ्यातलं भिंग कडक होत चालल्याचं जाणवायला लागतं ते चाळिशीच्या आसपास. सुईत दोरा ओवणं, बारीक कोरणं, जवळचं रंगकाम तेव्हापासूनच अवघड होत जातं. बोटांचे सांधे, मनगट, कंबर यांचंही वेळापत्रक सरकारी नसतं. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली सोळा देशांतल्या पासष्ट वर्षांपुढच्या सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त आढळलं. छंदामुळेच तसं झालं, असं अशा अभ्यासातून ठामपणे म्हणता येत नाही. पण पासष्टीत ज्यांच्या हाताला काम आहे, त्यांतल्या अनेकांनी ते आधीच कधीतरी धरलेलं असणार, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. हात नवशिके असतानाचा काळ ओलांडायला वर्षं लागतात. ती वर्षं मध्यमवयात आहेत.

छंदाची वकिली अशा फायद्यांवर करावी का, हा मात्र वेगळा मुद्दा आहे. स्मरणशक्ती राहते, रक्तदाब ताब्यात राहतो, भाजी घरची मिळते, असं सांगितलं की घरच्यांना लवकर पटतं. गच्चीवरच्या बागेला म्हणूनच विरोध कमी होतो. कुंडीतली मेथी ताटात दिसते. श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापूरकडे ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तेव्हा साध्या शेतकऱ्यानेही स्वतःच्या तुकड्यावर निरीक्षण करावं, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना सांगावं, हा त्यांचा आग्रह होता. उत्पन्न वाढलं, द्राक्षबागा फुलल्या. पण माणसाने स्वतः पाहून शिकावं, हे त्यातलं मोलाचं. उपयोगाची अट घातली की छंद करणाऱ्याला दर आठवड्याला हिशेब द्यावा लागतो. हार्मोनियमवर भूप वाजवायला शिकणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने कुणाला काय हिशेब द्यावा? तिला तो राग वाजवायचा आहे, एवढं पुरे.

मुलांच्या अंगाने पाहिलं तर या खटाटोपाचं वजन आणखी वाढतं. आई-बाबा मुलांना दिसतात ते सगळं येणारे म्हणून: गणित सांगणारे, बिलं भरणारे, चुका काढणारे. मध्यमवयात नवी गोष्ट शिकणारा पालक मुलांसमोर अडखळतो, उसवतो, पुन्हा बसतो. दहावी-बारावीच्या गुणांनी घाबरलेल्या मुलाला हे दृश्य कुठल्याही समुपदेशनापेक्षा जास्त सांगून जातं. त्यासाठी ते काम त्याच्या डोळ्यांसमोर पडलेलं असायला हवं; बंद खोक्यातला छंद मुलांना दिसत नाही.

घरं लहान आहेत, हा आक्षेप खराच आहे. पण चाळीत तर घरं याहून लहान होती. तिथे गॅलरी होती, आणि कंदिलांच्या कामट्या सगळ्या मजल्याच्या मुलामाणसांत मिळून तिथेच बांधल्या जायच्या. फ्लॅटमध्ये ती गॅलरी गेली. जी बाल्कनी मिळाली ती ग्रिल लावून आत घेतली. उरलेल्या चौरस फुटांतला सर्वांत मोठा तुकडा, म्हणजे हॉल, पाहुण्यांसाठी राखलेला असतो. शोकेस, सोफा, काचेचा टीपॉय. रोज राहणारी चार माणसं कोपऱ्यात काम आटोपतात, आणि क्वचित येणाऱ्या पाहुण्यासाठी खोली लख्ख ठेवली जाते. ही वाटणी बदलता येते. मात्र घर पसरलेलं दिसलं तर पाहुणा बाईला नावं ठेवतो, तिच्या नवऱ्याला नाही. म्हणून ‘पडू दे गं तसंच’ एवढं म्हणून पुरुषाची सुटका होत नाही. काचेचा टीपॉय हलवून तिथे कामाचं टेबल ठेवायचं असेल, तर दार उघडून ‘हा आमचा पसारा आहे’ हे पाहुण्याला त्याने सांगावं आणि टेबलाच्या आसपासचा केरही त्यानेच काढावा. दोघांपैकी टेबल आधी कुणाचं, हेही ठरवावं. वर्षानुवर्षं पर्समध्ये मावेल एवढाच छंद जिने केला, तिचा नंबर पहिला लागायला हवा.

नव्या गृहसंकुलांच्या नकाशात क्लब हाऊस असतं. त्यात व्यायामशाळा असते, टेबल टेनिस असतं, वाढदिवसांसाठी हॉल असतो. तिथे एक मजबूत लाकडी ओटा, त्याला बसवलेला शिकंजा, भिंतीवर टांगलेली सामाईक हत्यारं, एक शिलाई मशीन आणि अर्धवट कामं नाव लिहून ठेवता येतील असे कुलुपाचे कप्पे करता येतील. घरोघरी माळ्यावर पडून असलेलं ड्रिल मशीन तिथे एकच पुरेल. ओळखीच्या सुताराला किंवा शिंपिणीला महिन्यातून दोनदा शिकवायला बोलावून रीतसर मानधन देता येईल. आवाजाच्या वेळा ठरवता येतील. ट्रेडमिलच्या तुलनेत याचा खर्च सोसायटीला जड जाणार नाही. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंग आणि लिफ्टच्या विषयांनंतर हा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.